विश्लेषण : घरच्या सर्व्हरवर ‘स्थिर’ प्रणाली हवी की ‘ताजी’?

जुन्या लॅपटॉपला घरचा सर्व्हर करताना पहिलाच प्रश्न पडतो तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवृत्तीचा. सगळे नवे देणारी विकासाधीन आवृत्ती घ्यावी की दोन वर्षांत एकदाच बदलणारी स्थिर आवृत्ती? ‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीच्या उदाहरणातून या निवडीचा वेध…

घरचा सर्व्हर म्हणजे नेमके काय?

फोनमधील फोटो भरले, क्लाउडची मोफत जागा संपली आणि दरमहा पैसे मोजण्याची वेळ आली, की अनेकांना कपाटातला जुना लॅपटॉप आठवतो. त्यावर लिनक्स टाकायचे, एक मोठी हार्ड डिस्क जोडायची आणि राउटरशेजारी तो कायम चालू ठेवायचा. झाला घरचा सर्व्हर. काही जण यासाठी रास्पबेरी पाय किंवा छोटा मिनी पीसी घेतात. घरातल्या सगळ्यांचे फोटो, बँकेची कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प, चित्रपटांचा संग्रह, दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण असे सगळे हळूहळू या एकाच यंत्रावर येते.

कार्यालयातल्या सर्व्हरकडे लक्ष द्यायला पगारी माणूस असतो. घरच्या सर्व्हरचा ‘अ‍ॅडमिन’ म्हणजे घरातला एखादा हौशी सदस्य. तो दिवसभर नोकरीत, कधी परगावी. तो घरी नसताना सर्व्हर बंद पडला, तर आईला कागद सापडत नाही आणि बाबांचे फोटो उघडत नाहीत. म्हणूनच कोणती आवृत्ती अधिक नवी, यापेक्षा कोणत्या आवृत्तीला कमी वेळा हात लावावा लागेल, हा प्रश्न घरात महत्त्वाचा ठरतो.

डेबियनमध्ये कोणत्या वाटा आहेत?

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन हा स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प. उबुंटू आणि रास्पबेरी पाय ओएस या लोकप्रिय प्रणाली त्याच्याच पायावर उभ्या आहेत. त्यामुळे डेबियनची रचना समजली, की इतर अनेक प्रणालींची समजते.

डेबियनच्या मुख्य शाखा तीन. पहिली ‘अनस्टेबल’. विकसकांनी तयार केलेले नवे पॅकेज आधी इथे येते. दुसरी ‘टेस्टिंग’. अनस्टेबलमध्ये काही दिवस, साधारण दोन ते दहा, काढल्यावर आणि गंभीर नवा दोष न आढळल्यास पॅकेज इथे सरकते. तिसरी ‘स्टेबल’, म्हणजे स्थिर. साधारण दर दोन वर्षांनी टेस्टिंगमधील नव्या भरतीवर टप्प्याटप्प्याने बंधने घातली जातात, काही महिने फक्त दोष दूर केले जातात आणि मग तीच शाखा स्थिर म्हणून जाहीर होते. सध्याची स्थिर आवृत्ती १३ वी. तिच्यासाठी ही ‘गोठवण’ मार्च २०२५ मध्ये सुरू झाली आणि आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली.

डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेतील पात्रांची नावे दिली जातात. १२ वी ‘बुकवर्म’, १३ वी ‘ट्रिक्सी’, १४ वी ‘फोर्की’ असेल. अनस्टेबलचे नाव मात्र कधीच बदलत नाही. ते आहे ‘सिड’, चित्रपटात खेळण्यांची मोडतोड करणारा शेजारचा मुलगा. धोक्याची सूचना नावातच आहे.

‘स्थिर’ म्हणजे ‘निर्दोष’ का?

नाही. गैरसमज नेमका इथेच होतो. डेबियनच्या भाषेत स्थिर म्हणजे न बदलणारे. प्रसिद्धीच्या दिवशी एखादे सॉफ्टवेअर ज्या आवृत्तीचे असेल, जवळपास त्याच आवृत्तीचे ते पुढची काही वर्षे राहते. नवी वैशिष्ट्ये येत नाहीत, सेटिंगच्या फाइलींचे स्वरूप बदलत नाही, काल चालणारी गोष्ट सहसा आज चालते. सुरक्षेतील त्रुटी सापडली, तर बहुतेक वेळा नव्या आवृत्तीतील तेवढीच दुरुस्ती काढून जुन्या आवृत्तीला जोडली जाते. शर्ट फाटला म्हणून नवा न घेता त्याच शर्टाला ठिगळ लावावे, तसे.

याचे उदाहरण जुलै २०२४ मध्ये दिसले. सर्व्हरमध्ये दुरून प्रवेश करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘रेग्रेशन’ (regreSSHion) नावाने ओळखली गेलेली गंभीर त्रुटी १ जुलै रोजी उघड झाली. मूळ विकसकांनी ती ९.८ या आवृत्तीत दूर केली. डेबियनच्या तत्कालीन स्थिर आवृत्तीत, म्हणजे बुकवर्ममध्ये, ओपनएसएसएच ९.२ होते. त्याच दिवशी डेबियनने ९.२ मध्येच दुरुस्ती घालून ते वितरित केले. आवृत्तीचा क्रमांक जुनाच राहिला, पण भोक बुजले. त्यामुळे ‘क्रमांक जुना म्हणजे असुरक्षित’ हा आडाखा इथे चालत नाही.

ताज्या आवृत्तीचा धोका कसा समोर आला?

२९ मार्च २०२४ ही तारीख संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात विसरली जाणार नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे आणि ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या डेटाबेसचे विकसक आंद्रेस फ्रॉइंड आपल्या डेबियन सिडच्या यंत्रावर चाचण्या घेत होते. एसएसएचने लॉग-इन होण्यास ०.३ सेकंदांऐवजी सुमारे ०.८ सेकंद लागत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. अर्ध्या सेकंदाचा हा फरक कुणीही सोडून दिला असता. त्यांनी त्याचा माग काढला आणि ते ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनापर्यंत पोहोचले.

या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा दडवलेला होता. तो ज्याने बसवला, त्याला ठरावीक गुप्त किल्लीच्या आधारे सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या खात्याने सुमारे दोन वर्षे मदतीचा हात देत प्रकल्पात विश्वास मिळवला होता आणि मग हे कृत्य केले होते. त्रुटीच्या गांभीर्याला १० पैकी १० गुण मिळाले.

फटका कुणाला बसू शकला असता? डेबियनच्या टेस्टिंग व अनस्टेबल शाखा, फेडोराची विकासाधीन ‘रॉहाइड’ शाखा, ओपनसुसेची सतत ताजी राहणारी ‘टम्बलवीड’ यांच्यापर्यंत हे पॅकेज पोहोचले होते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तेव्हा एक्सझेड ५.४.१ होते. तिला धक्काही लागला नाही. ५.६.० प्रसिद्ध होणे आणि चोरदरवाजा उघड होणे यांत जेमतेम पाच आठवडे गेले. स्थिर आवृत्ती वाचली ती एखाद्या खास तपासणीमुळे नव्हे, तर केवळ उशिरामुळे. ज्याला ‘जुनाट’ म्हणून नावे ठेवली जातात, तोच उशीर या वेळी ढाल ठरला.

मग स्थिर आवृत्ती दगा देतच नाही?

देते. २००६ मध्ये डेबियनच्याच एका बदलामुळे ‘ओपनएसएसएल’ या संकेतीकरणाच्या साधनातील यादृच्छिक संख्या तयार करण्याची प्रक्रिया कमकुवत झाली. तो दोष एप्रिल २००७ मध्ये आलेल्या स्थिर आवृत्तीत जसाच्या तसा उतरला आणि १३ मे २००८ रोजी जाहीर होईपर्यंत असंख्य यंत्रांवर अंदाज बांधता येईल अशा किल्ल्या तयार होत राहिल्या. इथे उशिराने काहीच वाचवले नाही, कारण दोष कुणाच्या नजरेलाच पडला नव्हता.

अलीकडचे उदाहरण डिसेंबर २०२३ मधील. बुकवर्मची १२.३ ही किरकोळ सुधारणांची आवृत्ती ९ डिसेंबरला यायची होती. तिच्यातील ६.१.६४ या कर्नलमध्ये ‘ईएक्सटी-४’ या डिस्कवरील फाइलव्यवस्थेतील माहिती बिघडवू शकणारा दोष आढळला. घरच्या सर्व्हरसाठी याहून वाईट काय असेल? १२.३ ऐनवेळी रोखण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ आली. दोष स्थिर शाखेत शिरला हे खरे, पण तो पकडून, जाहीर करून, एका दिवसात पर्याय देणारी यंत्रणाही तिथे होती. स्थिर आवृत्ती घेणारा या यंत्रणेवर विसंबतो. मात्र ती यंत्रणा बॅकअपची जागा घेऊ शकत नाही.

मधला मार्ग म्हणून टेस्टिंग बरे का?

ऐकायला बरे वाटते. सिडइतके धोक्याचे नाही, स्टेबलइतके जुने नाही. प्रत्यक्षात सर्व्हरसाठी ही शाखा सर्वांत अवघड ठरू शकते. डेबियनचा सुरक्षा चमू प्राधान्य देतो तो स्थिर आवृत्तीला. सिडमध्ये मूळ विकसकांची नवी, दुरुस्त आवृत्ती लवकर येते. टेस्टिंगला मात्र ती दुरुस्ती सिडमधून सरकून येईपर्यंत थांबावे लागते. एखाद्या पॅकेजचे दुसऱ्यावरचे अवलंबित्व अडकले, तर ही प्रतीक्षा आणखी लांबते. म्हणजे त्रुटी जगजाहीर झालेली, पण घरचा सर्व्हर उघडाच, अशी अवस्था येऊ शकते.

शिवाय विकासाधीन शाखांमध्ये मोठी स्थित्यंतरे घडतात. २०३८ मध्ये ३२ बिटची वेळ मोजण्याची क्षमता संपणार असल्याने डेबियनने २०२४ च्या पूर्वार्धात जुन्या ३२ बिट यंत्रांसाठी ६४ बिटच्या वेळेकडे जाण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी एक हजाराहून अधिक पॅकेजे नव्याने बांधावी लागली. तो काळ सिड वापरणाऱ्यांसाठी धांदलीचा होता, काही पॅकेजे एकमेकांशी जुळेनात. स्थिर आवृत्तीवरील घरांना याचा पत्ताही नव्हता. त्यांना ते काम ट्रिक्सीमध्ये पूर्ण होऊनच मिळाले.

नवे हार्डवेअर किंवा नवे अ‍ॅप हवे असेल तर?

विकासाधीन आवृत्तीकडे ओढणारी खरी कारणे दोनच. एक, नुकत्याच घेतलेल्या मिनी पीसीचे वायफाय किंवा ग्राफिक्स जुन्या कर्नलला ओळखू येत नाही. दोन, हवे ते अ‍ॅप स्थिर आवृत्तीत जुने आहे किंवा नाहीच.

पहिल्यावर ‘बॅकपोर्ट्स’ हा अधिकृत उपाय आहे. टेस्टिंगमधील निवडक पॅकेजे स्थिर आवृत्तीवर चालतील अशी पुन्हा बांधून तिथे ठेवलेली असतात. सगळी प्रणाली न बदलता केवळ नवा कर्नल त्यातून घेता येतो. दुसऱ्यावर उपाय कंटेनरचा. ‘डॉकर’सारख्या साधनाने नेक्स्टक्लाउड, जेलीफिन अशी अ‍ॅप स्वतःच्या बंद डब्यात चालतात. डबा ताजा, खालचे कपाट जुने पण भक्कम. अ‍ॅप बिघडले तर डबा बदलायचा, कपाटाला हात लावायचा नाही. मात्र डब्यातील अ‍ॅपच्या सुरक्षा दुरुस्त्या डेबियनकडून येत नाहीत. ती जबाबदारी डबा बनवणाऱ्याची आणि तो वेळोवेळी अद्ययावत करणाऱ्याची, हे विसरता कामा नये.

टाळायची गोष्ट एकच. स्थिर आवृत्तीत एखाददुसरे पॅकेज सिडमधून ओढून घेणे. त्या एका पॅकेजपाठोपाठ मूलभूत ग्रंथालये बदलतात आणि धड ना स्थिर, धड ना ताजी अशी खिचडी तयार होते. डेबियनच्या वर्तुळात तिला ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात. तिथून परतीची वाटही नाही, कारण नव्या आवृत्तीवरून जुन्यावर उतरण्याला डेबियनचा पाठिंबा नाही.

इतर प्रणालींमध्ये ही निवड कशी?

उबुंटू दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये ‘एलटीएस’ म्हणजे दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती काढते. तिला पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिने. घरच्या सर्व्हरवर मधली आवृत्ती घेतली, तर वर्षभरात अपग्रेडची वेळ येणारच. फेडोराच्या आवृत्तीचे आयुष्य साधारण १३ महिन्यांचे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन, असा एकूण पाच वर्षांचा आधार मिळतो.

फ्रीबीएसडीमध्ये नावांचा सापळा आहे. तिथे ‘स्टेबल’ ही विकासाची शाखा आहे, जिच्यातून पुढच्या आवृत्त्या तयार होतात. घरच्या वापरासाठी योग्य ती ‘रिलीज’ शाखा. अगदी कच्चे काम ‘करंट’मध्ये चालते. म्हणजे प्रणाली निवडताना शाखेचे नाव वाचून भागत नाही. त्या नावाचा त्या प्रकल्पातील अर्थ तपासावा लागतो.

स्थिर आवृत्ती निवडल्यावर काय पाळावे?

पहिली गोष्ट यंत्राची तपासणी. ट्रिक्सीपासून ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी डेबियनचा इन्स्टॉलर आणि कर्नल मिळत नाही. कपाटातला लॅपटॉप फारच जुना असेल तर आधी त्याचा प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, हे पाहावे.

दुसरी, पॅकेजांच्या स्रोत यादीत ‘स्टेबल’ असा शब्द न लिहिता ‘ट्रिक्सी’ हे नाव लिहावे. ‘स्टेबल’ लिहिले, तर नवी आवृत्ती जाहीर होण्याच्या दिवशी नेहमीचे अपडेट करताना सर्व्हर नकळत नव्या आवृत्तीकडे निघतो. तो दिवस कोणता असावा, हे घरच्या अ‍ॅडमिनने ठरवावे. अपग्रेड करताना एकही पायरी गाळू नये. १२ वरून १३ वर जाता येते, ११ वरून थेट १३ वर जाण्याला पाठिंबा नाही.

तिसरी, सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय करावी. त्यासाठी डेबियनमध्ये ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज आहे. स्थिर आवृत्तीत बदल थोडे आणि मोजके असल्याने हे स्वयंचलन परवडते. सिडवर ते लावणे म्हणजे रात्री झोपेत सर्व्हर कोणत्या अवस्थेत जाईल, हे नशिबावर सोडणे. कर्नल बदलल्यावर यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा कर्नल लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

चौथी, घराबाहेरून सर्व्हरवर पोहोचायचे असेल तर राउटरचे पोर्ट थेट इंटरनेटला उघडण्याऐवजी व्हीपीएन वापरावे. एसएसएचसारख्या दारात त्रुटी सापडली, तरी ते दार रस्त्यावर उघडत नसल्याने धोका कमी होतो.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट बॅकअपची. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा जुना नियम आजही लागू आहे. पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल, तर छोटा यूपीएस जोडावा. आवृत्ती कितीही स्थिर असली तरी लिहिण्याच्या मध्यात वीज गेलेल्या डिस्कला ती वाचवू शकत नाही. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर न थांबता त्यातून एखादा फोटो परत मिळतो का, हे अधूनमधून करून पाहावे.

मग विकासाधीन आवृत्ती वापरूच नये का?

वापरावी, पण दुसऱ्या यंत्रावर. प्रणाली शिकायची आहे, दोष शोधून कळवायचे आहेत, पुढच्या आवृत्तीत काय येणार हे पाहायचे आहे, अशांसाठी सिड आणि टेस्टिंग याच योग्य जागा. एखादा जुना पीसी किंवा आभासी यंत्र त्यासाठी पुरते. ते मोडले तर संध्याकाळ वाया जाईल, घरच्यांचे फोटो जाणार नाहीत.

स्थिर आवृत्तीवर निवांत असलेल्या प्रत्येक घरावर अशा लोकांचे ऋण आहे. एक्सझेडचा चोरदरवाजा सापडला तो सिडवर काम करणाऱ्या एका माणसाला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला म्हणून. सगळेच स्थिर आवृत्तीवर थांबले असते, तर तो चोरदरवाजा पुढच्या स्थिर आवृत्तीत मुकाट दाखल झाला असता. ताज्या आवृत्तीवर कुणीतरी असायलाच हवे. फक्त ते काम त्या यंत्रावर होऊ नये, ज्यावर आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या फोटोंची एकमेव प्रत आहे.